सांधा बसला, पाऊल पडले

वैद्यकातील ज्या थोड्या विजयांविषयी वैद्य आणि रुग्ण या उभयतांचे सहसा एकमत असते, त्यांत खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा क्रम बराच वरचा लागेल. इंग्लंडात लँकेशर परगण्यातील रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवून पाहिल्या, त्या थोड्याच वर्षांत झिजून गेल्या, आणि मग १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिथिलीनची वाटी व तिच्यात फिरणारा जेमतेम २२ मिलिमीटर व्यासाचा धातूचा गोळा असा जोड वापरला. तेव्हापासून आजवर अंथरुणाला खिळलेली किती माणसे उठून आपल्या पायांनी दाराबाहेर गेली याची मोजदाद करणे कठीण आहे. परंतु जो सांधा माणसाने बसवला तो निसटूही शकतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांत एक ते तीन जणांचा, आणि एकदा बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला तर त्याहून पुष्कळ अधिक जणांचा, गोळा वाटीतून बाहेर येतो. यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंग पहिल्या तीन महिन्यांतच घडतात. निसटलेला गोळा बहुधा कापाकापी न करता, पाय ओढून आणि वळवून, पुन्हा जागी बसवता येतो. आणि तो बसवण्याच्या या खटाटोपात क्वचित पायाची मोठी नस दुखावते व सांधा जागेवर येऊनही पाऊल लुळे पडते. या ‘क्वचित’वरूनच माझ्या परिचयाच्या एका मामाभाच्यांमध्ये जो वाद झाला, तो शक्य तितका त्यांच्याच शब्दांत येथे मांडतो. मी त्या वादाचा श्रोता होतो, पंच नव्हतो. तथापि माझे मत मधूनमधून डोकावल्याखेरीज राहणार नाही.

मामा जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यास राहतात. कचेरी सुटली तरी कोणताही कागद हाती आला की आधी त्यावरील तारीख व सही पाहण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. भाचा पुण्यास अस्थिशल्यचिकित्सक आहे आणि मामांखेरीज सर्व गोतावळा त्याला डॉक्टर याच नावाने हाक मारतो. वादाचे निमित्त झाली मामांच्या परिचयातील एक ६८ वर्षांची बाई. परगावच्या एका रुग्णालयात तिचा खुबा बदलला होता, सहाव्या आठवड्यात ती काठी टेकत घरभर हिंडू लागली होती, आणि एका सकाळी बुटक्या पाटावर बसून समोरच्या समईची वात सारण्यासाठी ती पुढे वाकली तोच तिचा खुबा निसटला. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गुंगीचे औषध देऊन दोनदा प्रयत्न झाला, तो फसला. संध्याकाळी भूलतज्ज्ञ आल्यावर तिसऱ्या खेपेस सांधा बसला. दुसऱ्या दिवशी तिला उभे केले तेव्हा पाऊल घोट्यापासून लोंबत होते. तिच्या मुलाने केसपेपरची नक्कल आणून मामांपुढे ठेवली व फिर्याद करावी किंवा कसे, असा सल्ला विचारला.

“हा कागद वाच,” मामा भाच्याला म्हणाले. “सांधा बसवला, क्ष-किरण चित्र समाधानकारक, बोटांचे रक्ताभिसरण ठीक. पाऊल हलत होते की नव्हते याविषयी, ओढण्यापूर्वीही नाही आणि ओढल्यानंतरही नाही, एक अक्षर लिहिलेले नाही. आता तो मुलगा म्हणतो, डॉक्टरांनी आईची नस तोडली. आणि डॉक्टर म्हणणार, नस सांधा निखळतानाच दुखावली होती. दोघांपैकी एकाचे म्हणणे खरे असेल, पण ते कोणाचे, हे ज्या एका दस्तऐवजावरून ठरले असते तो अस्तित्वातच नाही.”

“मामा, तुम्ही तोडली म्हणता तिथेच मला हरकत आहे,” डॉक्टर म्हणाला. “ही नस अशी तुटत नाही, ती ताणली जाते किंवा चेपली जाते. बोटाएवढी जाड असते ती, आणि खुब्याच्या अगदी पाठीमागून खाली उतरते. गोळा निसटतो तो शंभरांत बहुतेकांचा मागच्याच बाजूला, म्हणजे थेट तिच्या अंगावर. मोटारीच्या अपघातात धडधाकट माणसाचा नैसर्गिक खुबा मागे निखळतो तेव्हा दहांत एकाची ही नस दुखावलेली सापडते, आणि त्या वेळी त्याला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो. बदललेला सांधा पाटावरून वाकताना निसटतो, त्यामागे जोर कमी असतो, म्हणून प्रमाणही पुष्कळ कमी; पण कारण तेच. मग पाऊल पडले की ज्याने ओढले त्यालाच चोर का ठरवायचे?”

“चोर मी कुणालाच ठरवलेले नाही. पाऊल पडले म्हणजे डॉक्टर चुकला, असा निकाल मी उभ्या नोकरीत दिला नाही. मी एवढेच विचारतो की, ओढण्याने ही नस दुखावू शकते, हे तुला कबूल आहे की नाही?”

डॉक्टराने ते कबूल केले. आणि कबूल करताना जो खुलासा केला तो इतका चोख होता की, तो मी विस्ताराने देतो. शस्त्रक्रियेनंतर, तो म्हणाला, खुब्यामागचे मांस भरून येताना तेथे व्रणाचा चिवट पडदा तयार होतो आणि पूर्वी मोकळेपणी मागेपुढे सरकणारी नस त्या पडद्याला चिकटून बसते. साहजिकच पाय ओढला की तिचा ताण सगळीकडे वाटला न जाता एकाच तुकड्यावर पडतो. सशांच्या नसांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, नस मूळ लांबीच्या सुमारे ८ टक्के ताणली की तिच्यातील रक्ताचा प्रवाह मंदावू लागतो आणि १५ टक्क्यांच्या आसपास तो थांबतो. त्यातही या नसेचे दोन भाग असतात. पोटरीकडे व तळव्याकडे जाणारा भाग मऊ आच्छादनात गुंडाळलेला व सैल असतो. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणारा भाग बाहेरच्या अंगाला, कमी आच्छादनाचा, आणि वर कटीजवळ व खाली गुडघ्याच्या बाहेरील हाडाशी असा दोन ठिकाणी जखडलेला असतो. म्हणून एकच ताण दोघांवर पडला तरी पहिला बहुधा निभावून जातो आणि दुसरा मार खातो. आणि सर्वांत वाईट प्रकार, जो फारच थोडा घडतो परंतु वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे, तो असा की, बाहेर पडलेला गोळा आत जाताना रहाटाच्या कण्याला दोर अडकावा तशी ही नस कृत्रिम सांध्याच्या मानेभोवती अडकते. चित्रात सांधा उत्तम बसलेला दिसतो आणि नस मात्र धातूला वेढा घालून आवळलेली असते.

“मग घाई कसली होती?” मामांनी विचारले. “दोनदा अर्धवट गुंगीत ओढण्यापेक्षा भूलतज्ज्ञ येईपर्यंत थांबायचे. तूच मागे मला सांगितले होतेस की नैसर्गिक खुबा सहा तासांत बसवावा लागतो, नाहीतर मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून मरतो. इथे तर गोळा धातूचा. तो काय मरणार?”

डॉक्टर हसला. प्रश्न बिनतोड होता आणि त्याने तो बिनतोड म्हणूनच घेतला. “गोळा मरत नाही हे खरे. पण तो ज्या नसेवर बसला आहे ती जिवंत आहे ना? जितका वेळ तो तिथे, तितका वेळ दाब. शिवाय स्नायू आखडत जातात. पहिल्या तासाला जो पाय सहज उतरला असता त्याला सहाव्या तासाला दुप्पट जोर लागतो, आणि तो जोर पुन्हा त्याच नसेवर. थांबणे म्हणजे काही न करणे असे तुम्हाला न्यायासनावरून वाटते. खाटेशेजारून तसे वाटत नाही.”

इथे मामांनी आपल्या पोतडीतील जुना निकाल काढला. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी लाकडाच्या फळ्या बांधून पाय स्थिर केला, आणि सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यास एका अस्थिशल्यचिकित्सकाकडे आणले. त्याच दिवशी संध्याकाळी तो दगावला. वडिलांनी दावा लावला. म्हणणे असे की भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या बळावर, माणसे लावून मुलाचा पाय बेसुमार जोराने ओढला आणि त्या आघाताने तो गेला. डॉक्टरांची कैफियत अशी की, हाड बसवण्याचे त्यांनी पुढे ढकलले होते व केवळ हलकासा ताण देऊन पाय स्थिर केला होता. ती कैफियत खालच्या न्यायालयाने मानली नाही, उच्च न्यायालयाने मानली नाही, आणि १९६८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही मानली नाही. “त्या निकालात,” मामा म्हणाले, “डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करावा हे ठरवताना काळजी, आणि उपचार करताना काळजी. भूल न देता ओढणे यात दुसरे आणि तिसरे अशी दोन्ही मोडतात.”

“तो मांडीचे हाड मोडल्याचा मामला होता, सांधा निखळल्याचा नव्हे. आणि मामा, तुम्ही त्या मुलाच्या शेवटच्या काही तासांकडेच पाहता. मला ते २०० मैल दिसतात.” डॉक्टराचा स्वर आता बदलला. त्याने उमेदीची पहिली वर्षे कोकणातील एका तालुक्याच्या गावी काढली आहेत, आणि तेथील एका पावसाळी रात्रीची हकीगत त्याने सांगितली. निखळलेल्या खुब्याचा एक म्हातारा, भूलतज्ज्ञ चिपळुणास, घाटात दरड कोसळलेली. म्हाताऱ्याचा पाय आखूड होऊन आत वळलेला, आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागलेल्या. “मी काय करायचे होते? सकाळची वाट पाहायची? मी शिरेतून औषध दिले, गादी जमिनीवर घातली, कंपाउंडरला त्याच्या कटीची दोन्ही हाडे दाबून धरायला लावली, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवला, माझा कोपर त्याच्या गुडघ्याखाली घातला आणि सरळ वर, सावकाश, माझ्या पाठीच्या नव्हे तर मांड्यांच्या जोराने उचलत राहिलो. हिसका एकही दिला नाही. पाचेक मिनिटांत गोळा वाटीत गेल्याचे हाताला कळले. तुमच्या न्यायालयाच्या हिशेबाने मी गुन्हेगार.”

या ठिकाणी माझे मन डॉक्टराच्या बाजूस झुकले, हे मी लपवत नाही. तो ज्या रीतीने ओढत होता ती फिलाडेल्फियाचे ऑस्कर ॲलिस यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिचे सारे मर्म सावकाशीत आहे. त्याआधी बॉस्टनचे हेन्री बिगेलो यांनी १८६९ साली आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादिले होते की, खुबा वाकवला म्हणजे सांध्यासमोरचा बळकट पट्टा सैल होतो व मग कप्प्या आणि दोरखंड लावून माणसाला ताणण्याची गरज उरत नाही. ईथरच्या भुलेची वार्ता १८४६ मध्ये वैद्यकीय जगाला देणारा लेख ज्यांनी लिहिला ते हेच बिगेलो. कमी जोराचा मार्ग शोधणे आणि स्नायू शिथिल करण्याचा मार्ग जाहीर करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्यास यावीत, हे मला अर्थपूर्ण वाटते. कारण निखळलेल्या खुब्याच्या बाबतीत जोर आणि भूल यांचे प्रमाण नेहमी व्यस्त असते.

मामांनी त्या रात्रीबद्दल भाच्याला दोष दिला नाही. “तुझ्याकडे भूलतज्ज्ञ नव्हता, रस्ता नव्हता, आणि अंगठ्याला मुंग्या होत्या. या तिन्ही गोष्टी तू लिहून ठेवल्या असशील तर कोणताही शहाणा न्यायाधीश तुला निर्दोष सोडील. वैद्यकातील जाणत्या लोकांचा एक जबाबदार वर्ग ज्या रीतीने वागतो त्या रीतीने जो वागला तो निष्काळजी नव्हे, हा बोलॅमच्या खटल्याचा दंडक १९५७ पासून चालत आला आहे, आणि आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो उचलून धरला. पण या बाईच्या गावी भूलतज्ज्ञ होता. तो संध्याकाळी आला, म्हणजे सकाळी बोलावता आला असता. पहिला प्रयत्न गुंगीत केला, समजू शकतो. तो फसल्यावर दुसराही तसाच का?”

एक गंमत येथे नमूद करण्यासारखी आहे. ज्या बोलॅमच्या नावाने हा दंडक जगभर उद्धृत होतो, त्या गृहस्थाची दुखापतही खुब्यांचीच होती: मनोरुग्णालयात विजेचे झटके देताना त्याला स्नायू शिथिल करणारे औषध दिले नव्हते, आणि आचक्यांच्या जोराने त्याच्या मांड्यांचे गोळे दोन्ही बाजूंच्या वाट्या फोडून आत शिरले. तो खटला हरला. पालशेतच्या तरुणाचे वडील जिंकले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, शिथिल न केलेल्या स्नायूंवर लावलेल्या जोराचा. आणि दोन देशांच्या न्यायालयांनी थोड्याच वर्षांच्या अंतराने त्याची उलट उत्तरे दिली, यावरून कायद्यात या बाबीचा निकाल किती पुराव्यावर आणि किती साक्षीदार तज्ज्ञांवर अवलंबून असतो ते दिसते.

दुसऱ्या प्रयत्नाविषयीच्या प्रश्नाला डॉक्टराकडे चांगले उत्तर नव्हते, आणि त्याने ओढूनताणून ते दिलेही नाही. एक प्रयत्न, फार तर दोन, आणि मग पूर्ण भूल, असा आपल्या विभागाचा शिरस्ता आहे, एवढेच तो म्हणाला. शिवाय दरेक अपुऱ्या प्रयत्नात गोळा वाटीच्या काठावर घासतो, क्वचित हाडच मोडते, आणि सांध्याचे जोडलेले भाग एकमेकांपासून सुटल्याचेही प्रसंग आहेत, हे त्याने आपण होऊन सांगितले.

आता वाद पुन्हा त्या केसपेपरावर आला, आणि माझ्या मते खरा उलगडा येथेच झाला, जरी दोघांपैकी कोणी तो तशा हेतूने केला नव्हता. डॉक्टराचा सूर वैतागाचा होता. “तुम्हा न्यायाधीशांमुळे आम्ही कारकून झालो आहोत, मामा. रोगी वेदनेने ओरडत असतो, नातेवाईक अंगावर धावत असतात, आणि आम्ही उद्याच्या वकिलासाठी रकाने भरायचे. पाऊल हलते की नाही हे ओढण्यापूर्वी लिहिले असते तर डॉक्टर सुटला असता किंवा अडकला असता. बाईच्या पावलाला त्याचा काय उपयोग?”

“तेच मी तुला विचारतो. उपयोग आहे की नाही?”

डॉक्टर क्षणभर थांबला, आणि मग न्यायालयाशी काडीचाही संबंध नसलेले उत्तर त्याच्या तोंडून आले. ओढण्यापूर्वीच पाऊल हलत नसेल आणि सांधा बसल्यावरही हलले नाही, तर नस निखळतानाच दुखावली असे धरून, दाब निघाल्यावर ती आपोआप सावरण्याची वाट पाहणे बहुधा योग्य असते. ओढण्यापूर्वी पाऊल हलत होते आणि सांधा बसल्यावर हलायचे थांबले, तर मात्र नस सांध्यात अडकली असण्याचा संशय आला. मग त्याच रात्री उघडून पाहण्याचा विचार करावा लागतो, कारण वेढलेली नस वाट पाहून सुटत नाही. सांधा बसल्यावर पाऊल हलत होते आणि सकाळी थांबले, तर तिसरीच गोष्ट: रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाच्या खुब्यामागे रक्त साकळून नस दाबली जात असेल, आणि ते तातडीने काढले पाहिजे. लोंबणारे पाऊल तिन्ही प्रसंगी सारखेच; उपचार तीन. आणि कोणता उपचार करावा हे ज्यावरून ठरते ते सगळे ओढण्यापूर्वीच्या आणि सांधा बसल्यानंतरच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटात आहे: पायाचा अंगठा नाकाकडे उचल म्हणावे, मग माझा हात खाली दाब म्हणावे, अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात आणि तळव्याला स्पर्श करून कळतो का ते विचारावे, आणि गुडघा ताठ करता येतो का ते पाहावे.

“म्हणजे ज्या रकान्याला तू कारकुनी म्हणालास,” मामा म्हणाले, “तो मला निकालासाठी हवा आहे आणि तुला त्याच रात्रीच्या निर्णयासाठी. या बाईच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी पाऊल लोंबताना दिसले तेव्हा त्यांना उघडायचे की थांबायचे हे कशावरून ठरवता आले?”

“ठरवता आले नसणार. ते थांबले.”

“बरोबर होते?”

“सांगता येत नाही.” हे उत्तर डॉक्टराने फार हळू दिले.

संमतीच्या मुद्द्यावर मात्र तो पुन्हा सावरला आणि मला वाटते तेथे त्याची बाजू अधिक बळकट होती. मामांचे म्हणणे, बदललेला खुबा निसटणे हे काही प्राणघातक संकट नव्हे. तेव्हा जीव वाचवायचा म्हणून विचारले नाही ही सबब येथे चालत नाही, आणि ओढताना पाऊल लुळे पडू शकते हे बाईला आधी सांगावयास हवे होते. डॉक्टराने मामांच्याच हत्याराने उत्तर दिले: सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या संमतीविषयक निकालात उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके सांगावेत असे म्हटले आहे, पण रुग्ण घाबरून आवश्यक उपचारही नाकारील अशा दूरस्थ धोक्यांची यादी वाचण्याची सक्ती केलेली नाही. “वेदनेने कळवळणाऱ्या बाईला मी सांगू की तुझे पाऊल पडेल? ती म्हणेल, राहू दे. आणि राहू दिले तर पाऊल पडण्याचा संभव वाढतो. तुमची संमती तिच्याच हिताविरुद्ध जाते.”

“धोका दूरस्थ आहे तो तुझ्या लेखी. शंभर खुबे बसवणाऱ्याला जे क्वचित, ते ज्या एकीच्या वाट्याला आले तिला संपूर्ण.”

“प्रत्येक क्वचित गोष्ट ज्याच्यावर येते त्याला संपूर्णच असते, मामा. त्या न्यायाने मी भूल देण्यापूर्वी मृत्यूची, सलाईन लावण्यापूर्वी शिरेच्या सुजेची कैफियत देत बसेन. मी वेगळे करतो. खुबा बदलण्याची मूळ शस्त्रक्रिया ठरते तेव्हा आठवडा दोन आठवडे हाती असतात. सांधा निसटू शकतो, तो बसवावा लागेल, त्यात नसेला इजा होऊ शकते, हे सारे मी तेव्हा सांगतो, आणि त्याच बैठकीत पाट, उकिडवे बसणे, मांडी घालणे, देवापुढे वाकणे हेही. निसटल्यानंतर सांगण्याची ती वेळ नव्हे.”

मामांनी हा मुद्दा मानला, एवढेच नव्हे तर माझ्याकडे वळून ‘हे लक्षात ठेवा’ असेही म्हणाले. या बाईला पाटावर बसू नये असे कोणी सांगितले होते काय, हे मात्र केसपेपरावरून कळत नव्हते. विदर्भात सिकल सेलने आणि इतरत्र स्टेरॉइडांनी वा मद्याने खुबे गेलेली तरणी माणसेही आता हा सांधा बसवून घेतात, आणि त्यांतील कितीकांचे न्हाणीघर, देवघर व जेवणघर अजून जमिनीलगतच असते. तेव्हा ही सूचना छापील पत्रकाच्या शेवटी नव्हे, घरातील बैठकीची रीत विचारून द्यावयास हवी, असे माझे स्वतःचे मत आहे.

राहिला पुढच्या काळाचा प्रश्न. त्या बाईचे पाऊल चवड्यावर फरपटते. ते अडखळू नये म्हणून तिला गुडघा उंच उचलून चालावे लागते, आणि तिची चप्पल वाटेत गळून पडली तरी तिला पुष्कळदा कळत नाही, मागून येणारे माणूस ती आणून देते. डॉक्टराने सांगितले की सध्या पाऊल काटकोनात धरून ठेवणारी पट्टी, घोट्याचा व्यायाम आणि प्रतीक्षा एवढेच हाती आहे. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली युद्धातील जखमींवरून नसेच्या इजेचे जे तीन प्रकार सांगितले त्यांपैकी पहिल्यात, जेव्हा नस केवळ बधिर झालेली असते, काही आठवड्यांत पाऊल उचलते. दुसऱ्यात आतील तंतू मरून नव्याने वाढावे लागतात. तिसऱ्यात ते आपोआप जुळत नाहीत. विजेच्या चाचणीने प्रकार ओळखायचा तर तीनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात. दुसरा प्रकार असेल तर नवे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने खाली उतरतात, आणि खुब्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंत अर्ध्या मीटरच्या आसपास अंतर आहे.

मामांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे सव्वा ते दीड वर्ष. तोवर तू काय सांगणार? थांबा. आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत किती ठाऊक आहे? दोन वर्षे. १९८६ च्या कायद्याला दुरुस्तीने जोडलेली, २०१९ च्या नव्या कायद्यातही तीच. पाऊल येत नाही हे तुला खात्रीने कळेल तेव्हा तिच्या हाती जेमतेम सहा महिने उरतील. विलंब माफ करण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते आणि पटवावी लागते. तू भल्या मनाने थांबा म्हणतोस. मुदत टळल्यावर तिच्या मुलाला वाटणार की, मुदत टळावी म्हणूनच म्हणत होतास.”

डॉक्टराला हा हिशेब नवा होता आणि तो अस्वस्थ झाल्याचे स्पष्ट दिसले. “मग काय, थांबा सांगताना मुदतीची तारीखही सांगू? माझ्याच व्यवसायबंधूविरुद्ध?”

“हो, सांग.”

“ते होणार नाही. कायद्याची तारीख सांगणे तुमच्या वकिलांचे काम. मी त्यांना पहिल्या महिन्याच्या विजेच्या चाचणीचा अहवाल देईन, दर तीन महिन्यांनी अंगठा किती उचलतो ते तारीखवार लिहून देईन, आणि वर्ष उलटल्यावर स्नायूंत जिवंतपणाची खूण नसेल तर तसे स्पष्ट लिहीन. तिच्या नसेचा पोटरीकडचा भाग शाबूत आहे; तेव्हा पुढे आतल्या बाजूचा एक स्नायू वळवून पावलाच्या वर जोडता येईल. कुष्ठरोगात लुळ्या पडलेल्या पावलांवर आपल्या देशात ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षे होत आली आहे. त्यासाठीसुद्धा थांबावेच लागते.”

“पहिला अहवाल केव्हा मिळेल?”

“बुधवारी त्यांना पुण्यास घेऊन या. आणि मुलाला म्हणावे, मूळ केसपेपर आण, नक्कल नको. नक्कल करताना पाठीमागची बाजू पुष्कळदा राहून जाते. एखाद्या परिचारिकेने रात्री त्या बाजूला काही लिहिले असेल.”

मामांनी नक्कल उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती, आणि ती मुळातच कोरी होती की नक्कल करणाऱ्याने सोडली होती, यावर त्यांचा दुसरा वाद सुरू झाला.